पिवळ्या चिठ्ठीवर गेलेली आत्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही आणली तेव्हा पंखे चालू होते आणि आज मी स्वेटर घालून बसलेय. किती टाळलं ते ह्यात आलंच. कारणं पुष्कळ होती. आधी पहिलं पान इतकं छान दिसत होतं की खराब करवेना. मग पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा वही गायब, ती आत्याने शिवणयंत्राच्या पायाखाली सरकवलेली निघाली. यंत्र डुगडुगत होतं म्हणे. आज तिच्या जागी मागच्या सत्राची प्रश्नपत्रिका घड्या घालून ठेवली आणि वही सोडवली. त्या प्रश्नपत्रिकेचा एवढा उपयोग मला परीक्षेतसुद्धा झाला नव्हता.

तर, मी ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. हे वाक्य लिहिताना अजून हसू फुटतं. ह्याआधी मी फोटोग्राफी अर्धी सोडली, हॉटेलच्या स्वागतकक्षाचं शिक्षण पाऊण सोडलं आणि काचेच्या बरण्या फुंकायला शिकवणाऱ्या एका माणसाकडून पहिली बरणी व्हायच्या आत पळाले. बी.ए. तेवढं पूर्ण झालं, कारण ते बाहेरून होतं. सोडून यायला वर्गच नव्हता.

मी राहते आत्याकडे. बाबा दुसऱ्या गावी, त्यांची लाकडाची वखार आहे. बाबांना भुशाने शिंका येतात आणि धंदा लाकडाचा, म्हणजे कमालच. शिंका एका वेळी तीनच येतात. पहिली इशाऱ्याची, दुसरीला पत्रे हलतात, तिसरी झाली की बाबा म्हणतात, "मेलो!" आई गेल्यावर वखारीतच वाढले मी. तिसऱ्या शिंकेनंतर टाळ्या वाजवायचे आणि बाबा वाकून सलाम करायचे.

बरणीवाल्याकडून परत आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एक काम शेवटाला ने आणि मग मला फोन कर. तोवर नको." तेव्हापासून मी फोन केला नाही आणि त्यांनीही नाही. आम्ही दोघं एकाच लाकडाचे.

हे बघा, लिहायचं होतं प्रकल्पाबद्दल. उद्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उद्या म्हणजे आज.

माझा मंजूर झालेला विषय होता 'वाचनालयातील धूळ: प्रमाण व परिणाम'. मीच मागून घेतला होता, का ते विचारू नका. काचेची पट्टी कपाटावर ठेवायची आणि धूळ बसायची वाट बघायची. धूळ फार निवांत बसते. मला जमत नाही. मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलायला लागले. तो फुटबॉलचा पंच निघाला. दर सोमवारी वाचनालयात येतो, कारण जगात हीच एक जागा आहे जिथे त्याच्यावर कुणी ओरडत नाही. त्याने मला सांगितलं की शिट्टी फुंकताना चुकलं हे फुंकतानाच कळतं, पण हवा बाहेर पडलेली असते. मी ऐकतच बसले. वाचनालय बंद झालं तेव्हा वाटलं, हा माणूस अर्धा राहिला, आता शेवटपर्यंत वाचायचा कसा?

आणि तिथेच डोक्यात दिवा लागला. माणसंच वाचायला द्यायची!

आज धावत आमच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. मॅडम कुजबुजतात. वर्गात, जिन्यात, रस्त्यावरसुद्धा. एका ट्रकच्या हॉर्नला त्या "शूऽऽ" म्हणालेल्या टाचणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. (टाचणी म्हणजे माझी वर्गमैत्रीण. अंगाने तशी आणि बोलण्यानेही तशीच. तिचा विषय 'वाचक पानांचे कोपरे का दुमडतात', आणि तो ती वेळेत संपवणार.)

"मॅडम, मला धूळ नको. माणसं हवीत."

"कशाला?" मॅडम कुजबुजल्या.

"देवघेवीला. अर्ध्या अर्ध्या तासासाठी वाचकांना द्यायची. समोर बसायचं, विचारायचं, ऐकायचं, परत करायची."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असे प्रयोग इतर ठिकाणी झालेले आहेत."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे संदर्भसूची जोडा."

मी त्यांना मिठीच मारणार होते, पण त्यांनी बोट वर केलं. खेळ असला तरी सगळे नियम ग्रंथालयाचे. प्रत्येकाला दाखल क्रमांक, प्रत्येकाचं तालिकापत्र, म्हणजे पुस्तकाची माहिती लिहिलेलं कार्ड, देवघेव काउंटरवर शिक्का. आणि १४ मार्चला बाहेरचे परीक्षक साठा पडताळणी करतील. "एक प्रत जरी समोर दाखवता आली नाही, तरी प्रकल्प अपुरा. मग पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष! माझ्या आयुष्यात पुढच्या वर्षापर्यंत टिकलेलं काही आहे का? बूटसुद्धा नाहीत.

मॅडमनी सराव म्हणून पहिलं तालिकापत्र स्वतःचं करायला लावलं. मी लिहिलं: 'शीर्षक: भिंगरी (आत्याने ठेवलेलं). कर्ते: आई, बाबा. पृष्ठे: अपूर्ण. बांधणी: सैल. विषय: फोटो, हॉटेल, बरण्या. आणखी पाहा: सगळंच.'

मॅडमनी बराच वेळ वाचलं आणि 'अपूर्ण'च्या पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. "खात्री नसेल तिथे तालिकाकार प्रश्नचिन्ह घालतो," म्हणाल्या. असा काही नियम आहे वाटतं. बघायला हवा.

रविवार, ९ फेब्रुवारी

माणसं जमली! पंच लगेच तयार झाला. रात्रपाळीची एक नर्स आहे, ती म्हणाली बसायला मिळणार असेल तर कुठेही येते. केसांचे टोप बनवणारे एक टोपवाले मिळाले. त्यांनी भेटल्या भेटल्या माझ्या डोक्याचं माप घेतलं आणि "राहू दे असंच," म्हणाले. चौथी आत्या. ती चाळीसेक वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, दोन गावांच्या तारा हाताने जोडून द्यायची.

"आत्या, तू पुस्तक होशील?"

"स्वयंपाकाचं असेल तर नाही."

"टेलिफोन ऑपरेटरचं गं."

"मग होईन. वर्गांक कुठला देतेयस मला?"

"दळणवळण."

"त्यात टपाल पण येतं ना? मला टपालवाल्यांशेजारी बसवू नकोस हं. कॅन्टीनच्या खिडकीजवळच्या टेबलावरून आयुष्यभर भांडलोय आम्ही."

"पृष्ठे किती लिहू?"

"बायकांना विचारतात का असं?"

"बांधणी?"

"गुडघे सोडले तर मजबूत." मग म्हणाली, "एकटीच प्रत आहे, तेवढं लिही."

मी लिहिलं, 'प्रती: एक'. ती का हसली नाही कोण जाणे. विनोद तर तिचाच होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पहिला वाचनदिवस! वस्तीतल्या वाचनालयाची माडीवरची मागची खोली मिळालीय. कपाटांना पाठ लावून चार खुर्च्या, खुर्च्यांच्या पाठीला दाखल क्रमांक. टोपवाल्यांनी येताना एक टोप आणला होता, तो त्यांच्याआधी वाचला गेला. पंचाला दोन शाळकरी मुलींनी नेलं आणि असं फैलावर घेतलं की तो घामाघूम. नर्सला झोप लागली. तिच्या समोरचा वाचक अर्धा तास तिच्याकडे बघत बसला आणि अभिप्रायात लिहून गेला, 'शांत, परिणामकारक'.

मग आले बॉयलरकाका. निवृत्त मेकॅनिक. जन्म बॉयलरच्या कारखान्यात गेला आणि कान तिथेच राहिले.

"काका, कुठलं पुस्तक देऊ?"

"काय?"

"पुस्तक! कुठलं?"

"काय?"

मी घसा ताणला, मॅडम कोपऱ्यातून "शूऽऽ" म्हणायला लागल्या, तेवढ्यात आत्या खुर्चीतून आपल्या नेहमीच्या साध्या आवाजात म्हणाली, "बोला, कुठला नंबर जोडू?"

काका गर्रकन वळले. "ह्यांचं ऐकू येतंय," ते म्हणाले. आणि पुन्हा, जरा हळू, "ह्यांचं ऐकू येतंय मला."

आत्या म्हणते ऑपरेटरचा आवाज तारेतून जायला घासून गुळगुळीत केलेला असतो. अर्धा तास संपला तेव्हा मॅडम स्वतः जाऊन "वेळ संपली" म्हणून कुजबुजल्या. काकांना कुठलं ऐकू यायला! तीनदा कुजबुजल्या. शेवटी आत्या म्हणाली, "अहो, वेळ झाली," तेव्हा उठले. आणि थेट काउंटरवर जाऊन मुदतवाढ घेतली.

एका वाचकाने पहिल्याच दिवशी मुदतवाढ घेतली! मी खोलीभर नाचले. टाचणीने मला धरून बसवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आत्या बुटांना पॉलिश करत बसलीय. कुठे जायचं नाहीये.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आकडेवारी आली. आत्या सगळ्यात जास्त वाचली गेली आणि वाचणारा एकच. मी निष्कर्ष लिहिला: 'निवृत्त बॉयलर कामगारांमध्ये दूरसंचार ह्या विषयाबद्दल लक्षणीय जिज्ञासा आढळते.'

टाचणीने तो वाचला, मग मला वाचलं. "तू खरंच अशी आहेस की नाटक करतेस?"

"कशी?"

"जाऊ दे. निष्कर्ष सुंदर आहे. बदलू नकोस."

एक अडचण आहे. काकांनी बुधवारी येऊन आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. वाचकाने ग्रंथाच्या घरचा नळ दुरुस्त केला तर ते कुठल्या रकान्यात दाखवायचं? मॅडमना विचारलं. त्यांनी नोंदवही उलटसुलट चाळली. मग म्हणाल्या, "ग्रंथांची निगा." किती हुशार बाई!

नळ गळायचा थांबल्यापासून मला झोप लागत नाही. सवय होती टपटपीची. आत्याला मात्र छान लागते.

शनिवार, १ मार्च

आज जत्रा लोटली! रांग जिन्यापर्यंत. टोपवाल्यांसाठी नावं नोंदवायला लागली. पंचावर एक आजोबा ओरडले, कुठल्याशा जुन्या सामन्यातल्या गोलावरून, आणि पंचाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "इथेसुद्धा?" मग दोघं चहाला गेले.

एवढ्या गडबडीत पांढऱ्या चिठ्ठ्या संपल्या. इथे बसून वाचायला पांढरी चिठ्ठी लागते, ती कापलेली एकही उरली नाही. काउंटरच्या खणात पिवळ्या दिसल्या, घेतल्या. बॉयलरकाकांसाठी आत्याची चिठ्ठी पिवळीवर केली.

"ही पिवळी आहे गं," आत्या म्हणाली.

"रंगाने काय होतंय!"

"नक्की ना?"

"हो गं, आत्या. रांग बघ किती आहे!"

आत्याने चिठ्ठी काकांना दिली, काकांनी ती काउंटरवर नेली, शिक्का पडला. मग आत्या तालिकापत्रांच्या खणाशी उगाच चाळत उभी राहिली आणि मध्येच विचारलं, "तुझे बाबा अजून दुपारच्या चहात साखर जास्त घेतात का गं?"

मी म्हटलं घेत असतील, मला काय माहीत, आम्ही बोलत नाही. हिचं असंच, कुठून कुठे तार जोडेल नेम नाही.

रविवार, २ मार्च

सकाळी दात घासत होते. आत्या पॉलिश केलेले बूट घालून, हातात छोटी बॅग घेऊन दारात.

"येते मी."

"कुठे?"

"घरी नेण्याच्या चिठ्ठीवर आहे मी. पिवळी. सोळा मार्चची मुदत आहे, शिक्का बघितलाय. मुदतीत परत येईन."

"आत्या, पुरे झाला विनोद."

"मी पुस्तक आहे. पुस्तकं विनोद करत नाहीत, त्यांच्यात असतात."

खिडकीतून बघितलं तर खाली बॉयलरकाका. आत्याने त्यांना आवाज जराही न चढवता, "अहो, छत्री राहिली तुमची," म्हटलं आणि ते मागे वळून पायरीवरची छत्री घेऊन आले. दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. चालताना दोघांच्या बॅगा मधल्या बाजूला होत्या, एकमेकींवर आपटत.

मी पोट धरधरून हसले. आत्या आणि सहलीला! चूळ भरताना आठवलं. परीक्षा चौदाला आहे.

सोमवार, ३ मार्च

देवघेव काउंटरवरच्या बाईंना गाठलं.

"बाई, तुम्ही माझ्या आत्याला पंधरा दिवसांसाठी दिलंत!"

"पिवळी आली की पंधरा दिवसांचा शिक्का. हात आपोआप पडतो."

"पण चिठ्ठीवर लिहिलं होतं ना, माणूस म्हणून!"

"चिठ्ठ्या मी वाचत नाही. वाचायला वाचक आहेत."

मग मॅडम. मला वाटलं रागावतील. त्या नुसत्या अजून हळू बोलल्या, जवळजवळ ओठांवरून वाचावं लागलं. देवघेव नियमानुसार झालेली आहे. मुदतीआधी ग्रंथ परत मागवायचा तर दुसऱ्या वाचकाचं आरक्षण लागतं, आणि प्रकल्प करणाऱ्याला स्वतःच्या ग्रंथाचं आरक्षण करता येत नाही. टाचणीने लगेच आरक्षण केलं, देवमाणूस आहे. पण परत मागवण्याचं पत्र वाचकाच्या पत्त्यावर जातं आणि वाचक पत्त्यावर नाही. तो माझ्या आत्याला घेऊन कुठेतरी फिरतोय. 'इथेच वाचावे' असं साधं आत्याच्या खुर्चीवर लिहायचं सुचलं नाही मला! शब्दकोशांवरसुद्धा लिहितात!

काकांना फोन केला. "काय?" म्हणाले. मी पुन्हा ओरडले. "काय?" म्हणाले आणि ठेवून दिला. आत्याचा लागत नाही.

बुधवार, ५ मार्च

आत्याचा फोन आला! एवढी खूश होती की मला ओरडताच येईना.

"आत्या, चौदाला ये, नाहीतर मी नापास."

"चौदाला? मला वाटलं पंधराला परीक्षा. बघते हं. इथलं काम जरा अवघड आहे, बोलणं चाललंय."

"कसलं बोलणं?"

"आम्ही दोघं काही ठरवतोय. आणि एक जण ऐकत नाहीये. त्याला पण ऐकायला लावतेय. कान चांगले असून ऐकत नाही, असा आहे."

मागून कसलीतरी घरघर येत होती, बस असावी. आणि मग कुणीतरी शिंकलं. इतक्या जोरात की फोन कानापासून लांब धरला. मग अजून एकदा, त्याहून मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. जगात बाबांसारखं शिंकणारं आणखी कुणीतरी आहे हे ऐकून काय बरं वाटलं! सर्दीची साथ दिसतेय तिकडे. मी आत्याला म्हटलं, काळजी घे, गरम पाणी पी.

आत्या एवढी हसली की फोन कट झाला.

रविवार, ९ मार्च

आज खरं लिहिते, कुणी वाचणार नाहीये.

वाचनालयाच्या फलकावर जाहिरात बघितली. एका फिरत्या नाटकमंडळीला दिवे लावणारं माणूस हवंय, अनुभवाची अट नाही, निघायचं परवा. मला आतून गुदगुल्या झाल्या. दिवे! दर आठवड्याला नवं गाव! आणि पडताळणी नाही, परीक्षक नाही, रिकामी खुर्ची नाही. फोन लावला. नेमकं तिकडच्या बाईंनी विचारलं, "शेवटचा प्रयोग होईपर्यंत राहाल ना?" माझ्या तोंडून "हो" निघेना. मला हे वाक्य ओळखीचं वाटलं.

मी म्हटलं, "आधी माझं इथलं होऊ दे." आणि ठेवला. मग एकदम घाबरायला झालं. असं मी कधीच म्हटलं नव्हतं. वाटलं ताप आलाय. मोजला, नव्हता.

दुपारी तालिकापत्रं लावायला बसले तर माझं स्वतःचं गायब. सरावाचंच होतं, ग्रंथात मोजायचं नव्हतं, पण खणात सगळ्यात शेवटी ठेवलेलं मला पक्कं आठवतंय. मी काहीही हरवू शकते, आता स्वतःलाही.

टाचणी म्हणाली, "कुणीतरी नेलं असेल."

"मला कोण नेणार?"

"खरंय," ती म्हणाली. कागद टाचताना तिलाच एक टाचणी टोचली. खरीखुरी.

गुरुवार, १३ मार्च

उद्या. आत्याचा पत्ता नाही.

मी ठरवलंय की आत्याच्या खुर्चीत आपण बसायचं. तिच्या गोष्टी मला पाठ आहेत. एका रात्री एका बाईला सासरहून माहेरी फोन जोडून दिला तेव्हा ती नुसती रडत होती, आणि आत्याने मध्येच "लाइन चालू आहे, रडा" असं म्हटलं, ती गोष्ट तर मी तिच्याहून चांगली सांगते. टाचणी म्हणाली ह्याला बनावट आवृत्ती म्हणतात आणि त्याचे वेगळे गुण कापतात.

टोपवाल्यांनी मला एक करडा टोप आणून दिला, आत्याच्या केसांसारखा. सगळे हसून हसून खाली बसले. पंच म्हणाला, "मी बघितलंच नाही असं धरतो." पंचाच्या तोंडून! मॅडमही आल्या, टोप बघितला. आता गेलं सगळं, असं वाटलं. मॅडमनी टोपाची बट कानामागे नीट केली आणि कुजबुजल्या, "उद्या मात्र खरं सांगा. रिकामी खुर्ची रिकामीच दाखवा."

मी टोप परत केला.

शुक्रवार, १४ मार्च

हे आत्याच्या खुर्चीत बसून लिहितेय. बसले म्हणजे वाट बघतेय, पुस्तक म्हणून नाही. भीती वाटतेय आणि तरी हसू येतंय, माझं असंच होतं.

परीक्षक आले. भले मोठे गृहस्थ, खिशात तीन पेनं. आधी टोपवाले घेतले. अर्धा तास म्हणून आत गेले ते पाऊण तासाने बाहेर आले, डोक्यावर भरघोस काळे कुरळे केस!  त्यांनी तसंच नर्सला वाचलं. नर्स जागी राहिली, पहिल्यांदाच. मग पंच. पंचाला त्यांनी मनसोक्त भंडावलं आणि शेवटी हात मिळवला.

मग पडताळणी. दाखल क्रमांक वाचत खुर्च्यांपुढून निघाले. एक, दोन, तीन. इथे थांबले.

"ही खुर्ची रिकामी का?"

मी सांगून टाकलं. पांढऱ्या संपल्या, मी पिवळी दिली, रंगाने काय होतंय म्हणाले. चूक माझी, काउंटरची नाही. पुस्तक माझी आत्या आहे, ती कुठे आहे मला माहीत नाही, पण ती मुदतीत येते म्हणाली म्हणजे येतेच. सोळाला.

"म्हणजे ग्रंथ गहाळ?"

"गहाळ नाही!"

हे मी नाही म्हटलं. हे मॅडमनी म्हटलं. मोठ्याने! खणखणीत, घंटेसारखा आवाज. समोरच्या वाचनकक्षात सगळ्यांनी माना वर केल्या. खाली काउंटरवर शिक्क्याचा आवाजही थांबला. "एका वाचकाला पुस्तक आवडलंय," मॅडम म्हणाल्या, तशाच आवाजात. "त्यासाठीच आपण ती ठेवतो."

मग स्वतःच दचकल्या आणि स्वतःलाच "शूऽऽ" म्हणाल्या.

परीक्षकांनी टोप सरळ केला. म्हणाले, "आवडलंय हे छान आहे. पण पडताळणी म्हणजे पडताळणी. मी चहा घेऊन येतो. तोवर प्रत समोर आली तर उत्तम, नाहीतर प्रकल्प अपुरा." आणि कॅन्टीनकडे गेले. केस डुलवत.

तर असा प्रकार आहे. टाचणी कपभर चहा किती हळू प्यायला लावता येतो ते बघायला त्यांच्यामागे गेलीय. बरोबर बिस्किटं नेलीत. मॅडम खिडकीत पाठमोऱ्या उभ्या आहेत. मला पळून जावंसं वाटतंय का, हे तपासून बघितलं. वाटत नाहीये. नापास झाले तर पुढच्या वर्षी ह्याच खुर्च्या लावीन. बाबांना फोन करायला अजून एक वर्ष लागेल, एवढंच. ते म्हातारे होताहेत, तेवढं सोडलं तर काही नाही.

टाचणी आली. धावत. टाचणी कधी धावत नाही.

तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण मला अजून कळलेलं नाही:

"खाली काउंटरवर एक गृहस्थ आलेत. सभासद नाहीत. अंगावर सगळा भुसा. म्हणतात एक पुस्तक परत करायचंय, मुदतीच्या आत. मागे तुझी आत्या उभी आहे, बॉयलरकाकांच्या हातात हात घालून, मला बघून हात सोडवला सुद्धा नाही. बाईंनी विचारलं, परत करायचंय ते ठीक, पण पुढे काय? तर त्यांनी खिशातून एक चुरगळलेलं तालिकापत्र काढलं. तुझं. म्हणाले, हे घरी न्यायला मिळेल का? बाई म्हणाल्या, ते अपूर्ण आहे. तर ते म्हणाले, पुढे प्रश्नचिन्ह आहे ते तुम्ही बघितलं नाहीत."

मी तिच्याकडे बघतेय. टाचणी म्हणतेय, अगं ऊठ.

जिन्यातून आवाज आला. पहिली, इशाऱ्याची.

दुसरी. कपाटांच्या काचा हलल्या आणि मॅडम "शूऽऽ" म्हणाल्या नाहीत.

पेन ठेवते. तिसरीच्या आत खाली पोचायला हवं. मला टाळ्या वाजवायच्यात.